एका पोस्टकार्डाची फट

धुळे
१५ ऑक्टोबर १९८९

चि. कुंदास लोटनचे आशीर्वाद.

काम आहे म्हणून लिहितो, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ‘साडेपाच वर्षांनी बरी आठवण झाली’ असं म्हणायचे तुझे श्रम वाचले.

काम गाडीचं आहे. आपली एमजी. कापसाच्या प्रेसचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आबांना देऊन गेला, ती हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची. तुला तिची ओळख मी कशाला करून देऊ? शाळेचं दप्तर टाकलं की तुझं डोकं तिच्या बॉनेटखाली असायचं. तू गेल्यापासून ती ताडपत्रीखालीच आहे. दसऱ्याला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पुन्हा झाकायची.

श्रावणात इंदूरचे भागवत म्हणून एक गृहस्थ आग्रा रोडवर पट्टा तुटून अडकले. आपल्या गॅरेजात आले, पाणी प्यायला म्हणून मागे गेले आणि ताडपत्री उचलून बघत बसले. पट्टा बसवून झाला तरी माणूस उठेना. ते तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचे सेक्रेटरी निघाले. ११ फेब्रुवारीला त्यांचा मेळावा आहे. गाडी घेऊन या, असं पत्र आलं आहे. पत्रासोबत ‘उपयुक्त पत्ते’ म्हणून सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद आहेत. सुटे भाग विलायतेत कुठे मिळतात, मुंबईत कोणत्या गल्लीत मिळतात, दिल्लीत चाकांच्या तारा कोण ओढून देतो, परीक्षक आधी काय बघतात, सगळं आहे. पहिलीच ओळ अशी: ‘सर्वप्रथम कंपनीचे माहितीपुस्तक मिळवावे.’

आपल्याकडे ते पुस्तक कधी नव्हतंच. आपलं पुस्तक म्हणजे आबांची लाल वही, आणि ती तुझ्याकडे आहे. आबांना अक्षर येत नव्हतं, ते सांगायचे आणि तू लिहायचीस, हे मला मान्य आहे. मी तेव्हा ट्रकवर होतो. तरी वही गाडीची आहे आणि गाडी धुळ्यात आहे. तेव्हा रजिस्टर पोस्टाने पाठवून दे. जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत. मागचं मागे.

माय बरी आहे. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायला लावते आहे: “बठ्ठासन्या पोरी आखाजीले उन्यात, मन्हीच नई उनी.” कुणाच्या पोरी माहेरी आल्या, कुणाच्या नाही, हे आत्ता ऑक्टोबरात काय, अक्षय्य तृतीया होऊन पाच महिने झाले, असं मी म्हणालो, तर कपडे धुवायची मोगरी उगारली. याही वर्षी तिने अंगणातल्या निंबाला तुझ्यासाठी झोका बांधला होता. तीन दिवसांनी मी सोडला. दरवर्षी मीच सोडतो.

तुझी वहिनी वच्छला आठवण काढते. दाजींना नमस्कार.

लोटन

*

धुळे
९ नोव्हेंबर १९८९

चि. कुंदास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. वर ‘ती. भाऊस’ नाही, खाली नाव नाही, मध्ये दोन ओळी. ‘वही माझी आहे, मिळणार नाही. काय अडलं ते विचार, उत्तर लिहीन.’

वाचून मी हातातला पाना फेकला. तो जाऊन वच्छलाच्या दुधाच्या कॅनला लागला. कॅनला पोचा आला आणि त्याचं बिलही माझ्याच डोक्यावर. तुझ्या दोन ओळींनी घरात एवढं केलं.

तू जाताना काय म्हणालीस ते मला आठवतं. ‘कागदात शेत आहे, घर आहे, गॅरेज आहे, गाडी आहे. वही नाही. वही मी नेते.’ आबांनी तुला वकिलाला द्यायला हवी होती, रेल्वेवाल्याला देऊन चुकले. बरं, अडला हरी. पुढची म्हण मी लिहीत नाही, तू उगाच चिडशील.

तीन गोष्टी अडल्या आहेत. एक, प्लॅटिनच्या पॉइंटांमध्ये फट किती ठेवायची? ट्रकचा हिशेब लावला तर गाडी शिंकते आणि बंद पडते. दोन, चाकांचे मधले कानवाले नट. डावीकडचे सुटले, उजवीकडचे सुटेनात. हातोडा घातला, तर एका नटाचा कान वाकला. तीन, कार्बोरेटरच्या पितळी टोप्यांत आबा कोणतं तेल घालत? मी इंजिनाचं घातलं आहे आणि तेव्हापासून गाडी म्हातारीसारखी उठते.

बाकी इंदूरच्या यादीतला एकही पत्ता मला उपयोगी पडलेला नाही. विलायतेला पत्र लिहून उत्तर येईपर्यंत होळी होईल. म्हणून मी माझी यादी केली. टप वनाने शिवला, तोच वना, टांग्यांचे टप शिवायचा. आता टांगे उरले नाहीत म्हणून शाळेच्या पिशव्या शिवतो. मापं घेताना गाडीला हात लावून म्हणाला, ‘घोडं कुठं जुंपायचं?’ कार्बोरेटरातला पितळी फुगा गळत होता, तो सोनगीरच्या तांबटाने असा डाकला की सांधा सापडत नाही. मडगार्डची पट्टी जळगावला सायकलींची हँडलं चमकवणाऱ्याकडे दिली आहे. दाराचा खांब कुजला होता, तो गाडे करणाऱ्या सुताराने बाभळीचा घालून दिला. विलायती लाकूड नाही, पण बाभूळ आहे, तिला वाळवी लागायची हिंमत होत नाही.

तर तीन उत्तरं पाठव. आणि वर मायना लिहायला शाई फार लागत नाही.

लोटन

*

धुळे
३ डिसेंबर १९८९

चि. कुंदास आशीर्वाद.

उत्तरं मिळाली. मायना नव्हता, तो असो.

‘नट: उजवीकडचे उलट आट्यांचे. लोखंडी हातोडा नाही, लाकडी मोगरी. टोपीतलं तेल: शिवणयंत्राचं. पॉइंटची फट: एका पोस्टकार्डाची जाडी. हेच कार्ड वापर.’

शेवटचं वाचून मी हसलो, खोटं कशाला सांगू. आबांकडे मापाच्या पट्ट्या नव्हत्या, म्हणून ते पोस्टातून कोरं कार्ड आणायचे, हे मी विसरूनच गेलो होतो. तुझं कार्ड फटीत घातलं, अडकत-सुटत बसेल असं स्क्रू आवळला, मायची मोगरी मागून नट सोडवले, वच्छलाच्या यंत्राचं तेल घातलं. तिसऱ्या हँडलला गाडी उठली. कोंबड्या भिंतीवर चढल्या. माय काठी टेकत बाहेर आली आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने डोळ्याला पदर लावला. काठीचं मी मागे लिहिलं नव्हतं. भाद्रपदात ती मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण चालणं उणावलं. बरी आहे, एवढंच लिहिलं होतं, ते अर्धं खरं होतं.

आता जे उकरायचं नाही असं मीच लिहिलं होतं, ते लिहितो.

हक्कसोड सगळेच करून घेतात. एकही घर दाखव, जिथे बहिणीने सही दिली नाही. आबा डिसेंबरात गेले, मार्चमध्ये तलाठी म्हणाला की आत्ताच उरकून घ्या, पुढे भाचे मोठे झाले की भानगडी होतात. मी काही जगावेगळं केलं नाही. तुला फसवलंही नाही. कागद तुला वाचून दाखवला होता. कारकुनाने वाचला, घाईत वाचला, पण वाचला.

हे सगळं मी गेली पाच वर्षं रोज मनात घोकतो, म्हणून इतकं भरभर लिहिता आलं. लिहून झाल्यावर वच्छलाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘एवढं बरोबर होतं तर एवढं लांब कशाला लिहिलं?’ बायकोला पत्र वाचून दाखवू नये, हे मी आता वहीत लिहून ठेवणार आहे. माझ्या वहीत.

पुढचा प्रश्न: पुढच्या चाकांना बुलेटचे टायर बसतात का? माप तेच दिसतं.

लोटन

*

धुळे
८ जानेवारी १९९०

चि. कुंदास आशीर्वाद.

‘बसतात. आबांनी एकदा बसवले. गाडी दारू प्यायल्यासारखी चालते. बसवू नको.’ बसवले नाहीत. भागवतांनी इंदूरहून जुनेच पण बरे चार टायर पाठवले.

हक्कसोडीच्या मजकुराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तीन प्रश्न विचारले की तीन उत्तरं, आणि चौथं न विचारता सांगितलं की मौन. ठीक आहे.

रंग झाला, टप झाला, काचेची चौकट पुढे पाडता येते. बाहेरून बघशील तर साहेब कालच उतरून गेला असं वाटेल. पण आत रडगाणं आहे. दोन कार्बोरेटर जुळत नाहीत. गाडी उभी असताना थरथरते, चढावर दम टाकते, उतारावर फटाके वाजवते. आठ दिवस झाले, मी स्क्रू फिरवतो आहे. इंदूरच्या यादीत या कामाला एकच ओळ आहे: ‘जाणकाराकडून करून घ्यावे.’

आबा रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे. आधी एक, मग दुसरा. दोन्हींचा श्वास सारखा ऐकू आला पाहिजे. पुढे पुढे नळी तुझ्याच कानाला असायची आणि आबा फक्त स्क्रू फिरवायचे. मीही तसंच करतो आहे.

पण मला तो फरक ऐकू येत नाही, कुंदा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला. उजव्याला मोठं बोललेलं कळतं, बारीक कळत नाही. ट्रकच्या इंजिनाशेजारी वीस वर्षं बसलो, त्याची ही दक्षिणा. गिऱ्हाईक आवाज ऐका म्हणतं, मी मान डोलावतो आणि हात लावून थरथर बघतो. अजून कुणी पकडलं नाही. वच्छलाला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही, आणि मी तिला तसं वाटू देतो, कारण ते बरं दिसतं. मिस्त्रीचा कान गेला हे कळलं तर उद्या गॅरेजात कुणी येणार नाही. मला भीती वाटते. झुलाल मिस्त्रीचा मुलगा गाडी ऐकू शकत नाही, याची लाज तर त्याहून जास्त वाटते.

वही पाठवलीस तरी आता उपयोग नाही. वहीत कान नाही. तू ये. दोन दिवसांसाठी ये. मीच घ्यायला येतो.

लोटन

*

धुळे
२४ जानेवारी १९९०

चि. कुंदास आशीर्वाद.

‘मी धुळ्याला येणार नाही. गाडी इकडे आण. रविवारी. नळी विसरू नको.’ हे कार्ड आलं तेव्हा मी दोन दिवस धुमसलो, हे तुला माहीत नाही. पाचोऱ्यापर्यंत ऐंशी किलोमीटर फटाके वाजवत यायचं, पारोळ्यात लोकांनी लग्नाची वरात समजून रस्त्यावर यायचं, हे सगळं हिच्या हट्टापायी. पण मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी बांधून सीटवर ठेवली. मला म्हणाली, “बसेल शे तठे ती, तू उठ.” तू तिकडे वाट बघत बसलेली, मग मीच उठलो.

रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण घरी येऊन मायला मी अर्धंच सांगितलं. उरलेलं कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे.

तू दारात आलीस ती हात पुसत आलीस. ‘ये’ म्हणाली नाहीस, ‘बस’ म्हणाली नाहीस. गाडीभोवती एक फेरी मारलीस, बाभळीच्या खांबावर टिचकी मारलीस आणि विचारलंस, “नळी कोठे शे?” दाजी खुर्ची घेऊन आले, त्यांना तू बाजूला उभं केलंस. मी काहीतरी सांगायला लागलो, तर म्हणालीस, “आते बोलू नको, माले आयकू दे.” मग डोळे मिटून नळी कानाला लावलीस. मी स्क्रू फिरवत होतो आणि तू बोटाने सांगत होतीस. थोडा, अजून थोडा, परत. आबा असताना होतं तसंच, फक्त आबांच्या जागी मी. वीस मिनिटांत गाडीची थरथर थांबली. मला ते ऐकू आलं नाही. मडगार्डवर हात ठेवला तेव्हा कळलं.

मग तू बॉनेट लावलंस आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिलीस. मुद्दाम उजव्या बाजूला. पत्रात लिहिलेलं तू लक्षात ठेवलं होतंस. म्हणालीस, “तू माले आखाजीना नावखाल लयना. मांगं असतं ते घरमाज सही करी दिधी असती. आते च्या पी नि जाय.”

मी नळी गुंडाळत राहिलो. ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल. सगळं ऐकू आलं: आखाजीच्या नावाखाली आणलं, मागितली असती तर घरातच सही करून दिली असती.

आता जसं झालं तसं लिहितो. मे महिना, आखाजीचा आदला दिवस. मी मुराळी म्हणून तुला घ्यायला पाचोऱ्याला आलो. तुझ्या सासूने मुराळ्याचा मान म्हणून मला पुरणाचं जेवू घातलं. आबा गेल्यानंतरची तुझी पहिली आखाजी. बसमध्ये तू सारखं झोक्याचं बोलत होतीस. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि मी तुला घरी नेलं नाही, थेट कचेरीत नेलं. तुझ्या हातात पिशवी तशीच होती. तू विचारलंस, ‘इथं काय?’ मी म्हणालो, ‘एक सही आहे, पाच मिनिटांचं काम.’ पेन माझ्या खिशात होतं. घरी माय झोका बांधून आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात बसली होती. तू पाणी प्यायलीस, पण झोक्यावर बसली नाहीस. तिसऱ्या दिवशी वही घेऊन गेलीस.

सही सगळेच घेतात, हे खरं. पण माहेरपणाला आणायच्या निमित्ताने कुणी घेत नाही. मुराळी म्हणून गेलेला भाऊ असं करत नाही. तू नाही म्हणशील या भीतीने मी विचारलंच नाही. माझं चुकलं, कुंदा. कागदाचं नाही, आणण्याचं चुकलं. हे पाच वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

चहा चांगला होता. पिशवीत तीळगूळ ठेवलास तो पारोळ्याला पोचल्यावर सापडला.

लोटन

*

धुळे
१४ फेब्रुवारी १९९०

चि. कुंदास आशीर्वाद.

इंदूरहून परवा आलो. गाडी जाऊन-येऊन पाचशेच्या वर चालली आणि बिजासनच्या घाटात ट्रक धापा टाकत होते तिथे ती गुणगुणत चढली. म्हणजे वच्छला शेजारी बसली होती, ती म्हणाली गुणगुणते आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवला. आणि तिला कानाचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे. मी चार वर्षं तुमच्या उजवीकडेच झोपते.’

मेळाव्यात एकूण एकतीस गाड्या. राजेलोकांच्या गाड्या आल्या होत्या, एकेकीला पुसायला तीन तीन माणसं. आमच्याकडे एक वच्छला आणि एक जुनं धोतर. परीक्षकांनी बाभळीच्या खांबाचे गुण कापले, मडगार्डच्या पट्टीचे कापले, बॉनेटवरच्या दसऱ्याच्या कुंकवाचेही कापले. वच्छला म्हणाली, कुंकवाचे कापणाऱ्याचं भलं व्हायचं नाही. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या परीक्षकाने गाडी चालू करायला लावली, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि इंजिनाच्या झाकणावर उभं ठेवलं. नाणं पडलं नाही. लोक गोळा झाले. म्हाताऱ्याने मला विचारलं, ‘कार्बोरेटर कुणी जुळवले?’

मी म्हणालो, ‘मीच.’

का म्हणालो ते सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. माझ्या आयुष्यात एवढे लोक कधी माझ्याकडे बघत उभे राहिले नव्हते. वच्छलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. स्वतः चालवत सर्वांत लांबून आलेली आणि सर्वांत चांगली चालणारी गाडी म्हणून आपल्याला पितळी ढाल मिळाली. त्यावर नाव ‘लोटन झुलाल मिस्त्री, धुळे’. परतीच्या वाटेवर सेंधव्यात जेवायला थांबलो, तर मला जेवण जाईना.

घरी मायने ढाल हातात घेतली, पदराने पुसली आणि विचारलं, “कुंदानं नाव सांगं का रे?” मी ‘हो, सांगितलं तिचं नाव’ म्हणालो. म्हणजे त्या एका सहीनंतर हे दुसरं आणि तिसरं खोटं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा सुंभ तर धड जळलेलाही दिसत नाही.

ढाल भिंतीवर लावलेली नाही. पिठाच्या डब्यामागे आहे. काय करायचं ते मला कळतं आहे, फक्त करायचं आहे.

या पत्राचं उत्तर तू देऊ नकोस. देण्यासारखं यात काही नाही.

लोटन

*

धुळे
८ एप्रिल १९९०

चि. कुंदास आशीर्वाद.

उत्तर देऊ नको म्हणालो तर तू खरोखरच दिलं नाहीस. एवढी आज्ञाधारक तू कधीपासून?

सोबत इंदूरच्या क्लबाचा कागद पाठवतो. घडी नीट उघड, शाई कच्ची आहे. मी भागवतांना फेब्रुवारीतच पत्र टाकलं होतं. त्यात लिहिलं की मेळाव्यात मी खोटं बोललो, कार्बोरेटर माझ्या बहिणीने जुळवले, आणि गाडीची सगळी माहिती तिच्या अक्षरातल्या वहीत आहे. माझा कान गेला आहे हेही लिहिलं. ढाल परत पाठवली. ते लिहून पोस्टाच्या पेटीत टाकायला मला चार दिवस लागले. पाकीट खिशात घेऊन गावभर हिंडत होतो.

ढाल परत आली. भागवतांनी खाली एक पट्टी जोडून पाठवली आहे, तुझं नाव कोरून. आणि ‘उपयुक्त पत्ते’ नव्याने छापून सगळ्या सभासदांना पाठवले आहेत. दुसऱ्या पानावर खालून चौथी ओळ बघ. ‘जाणकाराकडून करून घ्यावे’ होतं तिथे आता काय आहे ते मी इथेही उतरवतो, कारण मला ते पुन्हा लिहायला आवडतं:

‘दोन कार्बोरेटर जुळवणे: श्रीमती कुंदाबाई पुना पाटील, पाचोरा, जि. जळगाव. आधी पत्र लिहावे.’

शेवटचे तीन शब्द मी घालायला सांगितले. न विचारता कुणी तुझ्या दारात उभं राहू नये म्हणून.

मायला ढाल वाचून दाखवली. मग आधी खोटं बोललो होतो तेही सांगितलं. तिने ढाल खाली ठेवली, काठी उचलली, आणि मी तिच्या डाव्या बाजूला होतो म्हणून वाचलो. तिला आता झोका बांधता येत नाही, हात वर जात नाहीत. काल मीच निंबावर चढून दोर बांधला. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाप्या निंबावर चढलेला बघायला शेजारच्या ताईबाई गल्ली गोळा करून आल्या होत्या. दोर ओढून पाहिला, पक्का आहे.

कागदाचं म्हणशील तर तो सरकारी दप्तरात आहे, फाडून मिटणारा नाही. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दोघांनी मिळून नवा कागद करता येतो. तू सांगशील त्या दिवशी, तू सांगशील त्या गावात करू. आखाजीत नाही. आखाजीच्या आसपास कुठल्याही कागदाचं नाव मी काढणार नाही.

यंदा आखाजी सत्तावीसला आहे. मी सव्वीसला सकाळी निघतो, गाडी घेऊन, मुराळी म्हणून. तू येणार असशील तर. नसशील तर पाणी पिऊन परत जाईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईन. स्टँड वाटेत लागत नाही, कचेरीही लागत नाही, पारोळ्याकडून सरळ घरी. खिशात पेन आणणार नाही. हवं तर दाजींना झडती घ्यायला सांग.

लोटन

*

पाचोरा
१६ एप्रिल १९९०

ती. भाऊस कुंदाचा नमस्कार.

यादी मिळाली. ह्यांनी स्टेशनमास्तरांना दाखवली, आता सगळ्या गावाला पाठ आहे. कागदाचं आखाजी झाल्यावर बघू.

सव्वीसला तयार असते. पारोळ्यापर्यंत तू चालव, पुढे मी. मायला उन्हात दारात बसू देऊ नको, पाण्याचा तांब्या वच्छलावहिनीच्या हाती दे.

वहीत बाभळीचा खांब, सोनगीरचा तांबट, टप शिवणारा वना आणि बिजासनचा घाट लिहायचा राहिला आहे. तू सांग, मी लिहीन. पेन माझं मी आणते.

कुंदा